जखमेवर काय बांधायचं?

"ताई, एक पट्टी द्या," असं म्हणत दिवसातून पाच-सात माणसं माझ्या औषधाच्या दुकानात येतात. कुणाचं बोट कंपनीतल्या पत्र्यानं कापलेलं असतं, कुणाच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला असतो. कांदा काटणीच्या दिवसांत तर विळ्यानं चिरलेल्या बोटांची रांग लागते. मी विचारते, "जखम ओली आहे की कोरडी? किती दिवसांची? लस येते का?" समोरचा माणूस गोंधळतो. त्याच्या लेखी पट्टी म्हणजे पट्टी. पण हे प्रश्न विचारल्याशिवाय पट्टी देऊ नये, हे मी घरच्या अनुभवातून शिकले आहे.

माझं माहेर केंदूर. शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगाचं, पाण्यासाठी वर्षानुवर्षं आभाळाकडे बघत आलेलं गाव. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, पंधरा वर्षांची साखर. वावरात चप्पल घालायची नाही हा त्यांचा जन्माचा नेम. एका पावसाळ्यात त्यांच्या अंगठ्याखाली काटा शिरला आणि त्यांना तो कळलाच नाही, कारण साखरेनं तळव्यातली जाणीव कधीच गेली होती. आईनं ओट्यावर रक्ताचे ठसे पाहिले तेव्हा जखम चार दिवसांची झालेली. मग रोजची मलमपट्टी सुरू झाली. सकाळी ओला गॉज भरायचा, संध्याकाळपर्यंत तो वाळून जखमेला घट्ट बसायचा, दुसऱ्या दिवशी आई तो ओढून काढायची आणि गॉजबरोबर नवं गुलाबी मांस निघून यायचं. रक्त यायचं. आम्हाला वाटायचं, जखम साफ होते आहे. तीन आठवडे आम्ही रोज थोडी थोडी भरलेली जखम रोज उकरत होतो.

पुढे पुण्यातल्या एका शल्यचिकित्सकांनी ती पाहिली आणि पहिलं वाक्य बोलले ते हे : "जखम वाळू देऊ नका." पांढऱ्या नमद्यासारखा एक तुकडा त्यांनी जखमेत बसवला. दोन दिवसांनी उघडलं तर तिथे तुकडा नव्हता, साबुदाण्याच्या खिरीसारखा दाट, पारदर्शक लगदा होता. सलाईननं धुतल्यावर तो ओघळून गेला. रक्ताचा एक थेंबही नाही. तो तुकडा समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून केलेला होता.

जखम कोरडी ठेवावी, वारा लागू द्यावा, खपली धरली की बरं झालं, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे आणि एकेकाळी डॉक्टरांचीही तीच होती. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकानं डुकरांच्या कातडीवर सारख्या वरवरच्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काही पातळ पापुद्र्यानं झाकल्या. झाकलेल्या, दमट राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगानं पसरली. कारण सरळ आहे. नव्या त्वचेच्या पेशी कडेकडेनं सरकत जखम झाकतात. ओलाव्यात त्या सहज सरकतात, कोरड्या खपलीखाली मात्र त्यांना वाट शोधत खोल जावं लागतं. तरीही जखम डबडबलेली चालत नाही. लस साचली की भोवतीची कातडी पांढरी पडते, भिजून सडते. म्हणजे वाफशाची गोष्ट आहे. रान कोरडं ठाक नको आणि चिखलही नको, हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. जखमेला वाफसा हवा.

हा वाफसा धरून ठेवण्याचं काम निसर्गातल्या एका पदार्थकुळाला फार चांगलं जमतं. त्याचं शास्त्रीय नाव पॉलिसॅकराइड, मराठीत बहुशर्करा. साखरेचे कण एकमेकांना जोडून शेकडो-हजारोंची माळ ओवली की बहुशर्करा होते. ग्लुकोजची माळ एका तऱ्हेनं ओवली की बाजरीतलं पिष्ट होतं, दुसऱ्या तऱ्हेनं ओवली की कापसाचा धागा. पहिलं आपण भाकरी करून पचवतो. दुसरं आपल्याला पचत नाही, गाईला पचतं, कारण तिच्या पोटातले जंतू ती गाठ सोडवतात. या माळांना जागोजाग पाणी धरणाऱ्या जागा असतात. म्हणून पेज दाट होते, इसबगोल फुगतं, डिंक चिकटतो. आमच्याकडे धनगर घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात ती याच गुणामुळे, चिंचोक्यातली बहुशर्करा धाग्याला धरून बसते. त्याच चिंचोक्यातून शुद्ध करून काढलेला पदार्थ कोरड्या डोळ्यांत घालायच्या थेंबांतही वापरतात. घोंगडीवर तो धाग्याला चिकटून राहतो, डोळ्यात बुबुळाला, आणि दोन्हीकडे पाणी सोडत नाही.

साधा गॉजही कापसाचाच, म्हणजे बहुशर्कराच. मग तो का चिकटतो? कारण त्याचे धागे लस टिपतात पण विरघळत नाहीत, फुगून लगदा होत नाहीत. लस धाग्यात वाळली की गॉज आणि जखम एकजीव होतात. पण हाच कापूस रसायनानं थोडा बदलला, त्याचा कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज केला, की तो पाणी पिऊन मऊ जेल होतो. त्याचेच तंतू करून विणलेल्या पट्ट्या आज मोठ्या दवाखान्यांत सर्रास वापरतात. कापूस तोच, वागणूक निराळी.

आपल्या राज्यात या विषयाचा मोठा इतिहास आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयात भाजलेली मुलं येत. महागड्या परदेशी पट्ट्या परवडणाऱ्या नव्हत्या. तिथे डॉ. मनोहर केसवानी आणि सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याची सालं वापरून पाहिली. सालं गॉजवर चिकटवून निर्जंतुक केली आणि भाजलेल्या जागी बांधली. १९८५ साली त्यांनी त्याचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. साल जखमेला चिकटत नाही, तिचा बाहेरचा बुचासारखा थर ओलावा उडू देत नाही, पट्टी बदलताना मूल किंचाळत नाही. पुढच्या तपासणीत एक उणीव पुढे आली : सालीत जंतू मारण्याचा गुण नाही, त्यामुळे खाली जंतुनाशक मलम लागतं. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी मधाच्या पट्टीची आणि बटाट्याच्या सालीची तुलना केली, तेव्हा मधाच्या गटात जंतुसंसर्ग लवकर आटोक्यात आला आणि जखमा लवकर भरल्या. नंतर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तयार केली. पान धुऊन, कापडावर लावून, निर्जंतुक करून. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ती बटाट्याच्या सालीइतकीच गुणी ठरली, आणि करायला सोपी, खर्चाला कितीतरी कमी.

केंदूरपासून सातगाव पठार फार लांब नाही. बटाट्याचं पठार म्हणूनच ते ओळखलं जातं. त्या भागातून जाताना मला दरवेळी वाडियातली ती मुलं आठवतात. पण ही हकीकत वाचून कुणी चुलीवरचा बटाटा सोलून भाजलेल्या हातावर साल ठेवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. रुग्णालयातली साल वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक झालेली असते. घरच्या सालीवर मातीतले जंतू असतात, आणि भाजलेल्या कातडीला त्यांना अडवण्याची ताकद उरलेली नसते. कोरफडीचा गर, दगडी पाल्याचा रस, हळद यांनाही हेच लागू आहे. झाडपाल्यात गुण नाहीत असं मी म्हणत नाही. उघड्या जखमेवर निर्जंतुक नसलेली कोणतीही वस्तू नको, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. पट्टी कशी निवडायची? आधी जखम नीट बघायची. जखमेतून लस भरपूर येत असेल, बांधलेला गॉज काही तासांत भिजत असेल, तर शेवाळापासून केलेली अल्जिनेटची पट्टी उपयोगी पडते. ती आपल्या वजनाच्या अनेक पट लस शोषते. तिच्यात कॅल्शियम असतं आणि लशीत सोडियम. दोघांची अदलाबदल होते आणि तंतूंचा जेल बनतो. दुकानात कुणी शंका घेतली की मी उरलेला कपटा बशीत ठेवून त्यावर सलाईन टाकते. थोड्याच वेळात त्याचे धागे धूसर होतात, कडा पारदर्शक होतात, बोटाला बुळबुळीत लागतं. ही पट्टी जखमेच्या आकाराची कापून आत ठेवायची, वरून दुसरी साधी पट्टी बांधायची, आणि वरची भिजली की बदलायची, साधारण एक ते तीन दिवसांनी. कोरड्या जखमेवर मात्र ती ठेवू नये. तिथे शोषायला काही नसतं, मग ती आहे तोही ओलावा ओढून घेते आणि गॉजसारखीच चिकटते.

जखम कोरडी, वर पिवळट-करडा थर धरलेला, अशी असेल तर उलट करायचं असतं, ओलावा द्यायचा असतो. त्यासाठी ट्यूबमध्ये जेल मिळतो, बहुतेकदा कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचा. त्यानं मेलेला थर मऊ होऊन सुटतो. हे काम डॉक्टर किंवा परिचारिकेच्या देखरेखीखालीच करावं, कारण त्या थराखाली किती खोल जखम आहे हे वरून समजत नाही.

खरचटणं, चप्पल-बुटानं सोललेली टाच, पायी चालून आलेले फोड, म्हणजे लस थोडी आणि जंतुसंसर्ग नाही, अशा ठिकाणी हायड्रोकोलॉइड नावाची चिकट, रबरासारखी पट्टी मिळते. तिच्यात बहुधा सेल्युलोज, जिलेटिन आणि पेक्टिन असतं. पेक्टिन म्हणजे पेरूची जेली ज्यानं घट्ट होते ते. आमच्या भागातून आळंदीला, पुढे पंढरीला पायी जाणाऱ्यांनी ही पट्टी पिशवीत ठेवावीच. फोडाचं वरचं कातडं सोलायचं नाही, पाय धुऊन पुरता कोरडा करायचा, पट्टी तळहातांत धरून थोडी गरम करायची आणि फोडाच्या बाहेर दोन बोटं जाईल इतकी मोठी लावायची. तीन ते सात दिवस ती राहू शकते. काढल्यावर खाली पिवळसर, जरा वासाचा लगदा दिसतो आणि लोक घाबरून "ताई, पू झाला" म्हणत येतात. धुऊन बघा. खाली गुलाबी, स्वच्छ कातडी असेल तर तो पट्टीचाच विरघळलेला भाग आहे. पण भोवती लाली पसरत असेल, कड गरम लागत असेल, ठणका वाढला असेल किंवा ताप असेल, तर तो पूच समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जंतुसंसर्ग झालेल्या जखमेवर ही बंद पट्टी लावायची नसते. आणि मधुमेही माणसाच्या पायाला स्वतःच्या मनानं तर कधीच नाही.

रक्त वाहत असेल तेव्हा पट्टीचा विचार नंतर. आधी स्वच्छ कापड ठेवून थेट जखमेवर दाब द्या, हात वर धरा, आणि दहा मिनिटं घड्याळ लावून दाब सोडू नका. मधेमधे उचलून "थांबलं का?" बघितलं की जमणारी गुठळी सुटते. तंबाखू, चहापावडर, चुना, बिडीचा कागद यांपैकी काहीही दाबू नका. काही कंपन्यांच्या प्रथमोपचार पेटीत आणि काही रुग्णवाहिकांत काइटोसानची पट्टी असते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून ती करतात. तिच्यावर धन विद्युतभार असतो, तांबड्या पेशींवर ऋण, त्यामुळे पेशी तिला चिकटून गोळा होतात आणि जखम बुजते. लढाईतल्या जखमांसाठी अमेरिकी सैन्यानं ती या शतकाच्या सुरुवातीला वापरात आणली, आता ती भारतातही बनते. पण तीही दाबून धरावीच लागते, नुसती ठेवून चालत नाही. काढताना सलाईननं पूर्ण भिजवून काढायची. कवचाचे मासे खाऊन ज्याला अंगावर गांधी येतात किंवा धाप लागते, त्यानं ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी.

रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या कारखान्यांतली आणि घराघरांतल्या कडबाकुट्टीवरची एक दुर्घटना मी मुद्दाम लिहिते. बोट तुटून पडलं तर ते बर्फात थेट टाकू नका, त्यानं मांस मरतं. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा, आणि १०८ ला फोन करून माणूस व बोट एकत्र, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, बोट जोडण्याची सोय असलेल्या रुग्णालयात पोचवा.

भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूप नाही. अंगठी-बांगड्या सूज यायच्या आत काढा. नंतर स्वच्छ धुतलेलं कापड सैल झाकून दवाखाना गाठा. कुत्रं चावलं असेल, किंवा आपल्या शिवारात बिबट्याचा वावर आहे म्हणून तेही लिहिते, बिबट्यानं ओरबाडलं असेल, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची. पट्टीनं आवळून बंद करायची नाही, आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करायची. अशा जखमेला या लेखातली कोणतीही पट्टी लावू नका.

आता 'नॅनो' या शब्दाबद्दल, कारण हल्ली तो खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि गिऱ्हाईक त्यालाच भुलतं. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कापसाचा तंतू उकलत उकलत नेला तर शेवटी काही नॅनोमीटर जाडीचे धागे हाती येतात. ते इतके बारीक की पाण्यात मिसळले तर पाण्याचा घट्ट जेल होतो, आणि वाळवले तर कागदासारखा मजबूत पापुद्रा. माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासून कापसावर काम करते आहे. २०१५ साली तिथे कापसापासून नॅनोसेल्युलोज तयार करण्याचा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जंतूंकडून विणून घेतलेल्या सेल्युलोजवर काम झालं आहे. काही जंतू साखरेच्या पाण्यावर सायीसारखा शुद्ध सेल्युलोजचा थर धरतात, नॅनो जाडीच्या धाग्यांचा, आणि ती साय धुऊन, निर्जंतुक करून जखमेवर ठेवता येते. त्याच संस्थेत किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या नॅनोकणांचा जेल विकसित केला. चांदी जंतू मारते. म्हणून अल्जिनेटच्या किंवा सेल्युलोजच्या पट्टीत चांदी घालून विकतात, आणि ती साध्यापेक्षा बरीच महाग असते. जंतुसंसर्ग असेल किंवा होण्याचा मोठा धोका असेल तेव्हाच तिचा उपयोग. साध्या, स्वच्छ जखमेवर चांदी बांधून जखम लवकर भरत नाही. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर "किती दिवस?" हे विचारून घ्या. दोन आठवड्यांनी जखम पुन्हा दाखवून पुढचं ठरवावं, महिनोन्‌महिने तीच चालू ठेवू नये.

शेतकरी वाचकांसाठी इथे एक सावधगिरी. काइटोसान कृषी सेवा केंद्रातही मिळतं, पिकाची वाढ आणि रोगप्रतिकार यांसाठी फवारायला. आघारकर संस्थेतल्याच संशोधकांनी काइटोसानच्या नॅनोकणांत जस्त भरून गव्हावर फवारलं आणि नेहमीच्या झिंक सल्फेटपेक्षा फार कमी जस्तात दाण्यातलं जस्त वाढवून दाखवलं, हे कौतुकाचं काम आहे. पण फवारणीचं काइटोसान आणि जखमेचं काइटोसान यांत विहिरीचं पाणी आणि सलाईन यांच्याएवढं अंतर आहे. फवारणीचं द्रावण जखमेवर ओतल्याचं मी एकदा पाहिलं आहे. ते कुणी करू नये. तसंच "चरबी शोषून घेणाऱ्या" काइटोसानच्या गोळ्यांवरही पैसे घालवू नका. अभ्यासांत त्यांनी उतरलेलं वजन नगण्य होतं.

पट्टी विकत घेताना पाकीट उलटून बघायची सवय लावा. 'स्टेराइल' हा शब्द हवा, मुदत हवी, बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक हवा. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार आता पट्ट्याही परवान्याच्या कक्षेत आल्या आहेत. दोनच्या आकड्यावर तिरकी रेघ मारलेली खूण म्हणजे एकदाच वापरायची वस्तू. पाकिटाला छिद्र असेल, कड सुटली असेल, ओल लागली असेल तर दुकानदाराला परत करा. तो कुरकुरला तरी करा. अर्धी कापून उरलेली पट्टी पुढच्या वेळेसाठी पाकिटात ठेवू नका, ती निर्जंतुक राहत नाही. आणि जखमेत स्पिरिट किंवा पाणी न घातलेलं डेटॉल ओतू नका. झोंबतं म्हणजे गुण येतो असं नाही, झोंबतं म्हणजे नव्या पेशीही मरतात. उकळून गार केलेलं पाणी किंवा सलाईन पुरेसं आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर दवाखान्यात तसं सांगा.

बहुशर्करा आणखी दोन ठिकाणी आपल्या घरात येते, तीही ओळखून ठेवा. मोतीबिंदूनंतर किंवा कोरड्या डोळ्यांसाठी जे थेंब देतात त्यांच्या बाटलीवर बहुतेक वेळा कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असं छापलेलं असतं. हे औषध म्हणजे डोळ्यावर पाणी धरून ठेवणारी माळ. बाटली उघडली की तारीख लिहून ठेवा आणि महिन्यानं उरलेली टाकून द्या, आणि एकाची बाटली दुसऱ्यानं वापरू नका. दुसरी गोष्ट गरोदर बायकांची. रक्त फार कमी असेल तर चौथ्या महिन्यापासून पुढे रुग्णालयात सलाईनमधून फेरिक कार्बोक्सिमाल्टोज देतात. लोहाचा नॅनो आकाराचा गाभा आणि भोवती पिष्टापासून केलेलं साखरेच्या माळेचं आवरण, अशी त्याची घडण असते. लोह एकदम रक्तात सुटलं तर विष आहे, आवरणामुळे ते हळूहळू सुटतं. "अंगात साखर सोडतात म्हणे" असं ऐकून आमच्या नात्यातली एक सूनबाई ते घ्यायला तयार नव्हती. या आवरणानं मधुमेह होत नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर भीती न बाळगता, रुग्णालयातच, देखरेखीखाली घ्या.

अण्णांची जखम अडीच महिन्यांनी भरली. श्रेय एकट्या शेवाळाच्या पट्टीचं नाही. अभ्यासांत मधुमेही पायाच्या जखमेसाठी कोणतीही एक पट्टी सर्वांत सरस ठरलेली नाही. साखर आटोक्यात आली, त्या पायावरचा भार खास चप्पल करून काढून टाकला, मेलेलं मांस डॉक्टरांनी वेळच्या वेळी कापलं, आणि पट्टीनं जखमेला वाफसा दिला. यातलं एक जरी सुटलं असतं तरी बोट गेलं असतं. महागडी पट्टी बांधून माणूस त्याच पायावर दिवसभर पाभरीमागे चालला, तर पट्टीचे पैसे पाण्यात जातात.

म्हणून केंदूर-पाबळच्या आणि शिरूर-दौंडच्या माझ्या वाचकांना एकच सांगते. घरात कुणाला साखर असेल तर आज रात्री त्यांना कॉटवर बसवा, दिवा जवळ घ्या, दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. त्यांना वाकवत नसेल तर तुम्ही बघा. काटा, भेग, फोड, काळा डाग, ओली जागा, काहीही दिसलं तर त्यावर काही बांधण्याआधी उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवा.